खडकांचे किरणोत्सर्गी वयोमापन व सृष्टिनिर्मितिवाद

खडकांतील किरणोत्सर्गी (भेदक कण वा किरण आपोआप बाहेर टाकणाऱ्या) मूलद्रव्यांचा ठराविक वेगाने होणारा ऱ्हास मोजून खडकाचे वय वर्षांत काढण्याच्या पद्धतीस किरणोत्सर्गी वयोमापन म्हणतात. सृष्टी धर्मग्रंथांत सांगितलेल्या रीतीने व तेथे दिलेल्या काळी निर्माण झाली, असे मानणारे मत म्हणजे सृष्टिनिर्मितिवाद होय. या मताच्या काही पंथांना वयोमापनाने मिळणारी कोट्यवधी वर्षांची वये मान्य नाहीत. बीड जिल्हा ज्या खडकावर वसलेला आहे, त्या बेसाल्टाच्या उदाहरणाने हा वाद नीट समजतो.

तत्त्व : किरणोत्सर्गी समस्थानिकाच्या (अणुक्रमांक तोच पण अणुभारांक भिन्न असलेल्या मूलद्रव्याच्या प्रकाराच्या) मूळच्या अणूंपैकी निम्म्या अणूंचा ऱ्हास होण्यास लागणारा काळ म्हणजे त्याचे अर्धायुष्य होय. युरेनियम (२३८) चे अर्धायुष्य सु. ४४७ कोटी वर्षे असून त्यापासून अखेर शिसे (२०६) बनते. पोटॅशियम (४०) चे अर्धायुष्य सु. १२५ कोटी वर्षे आहे. त्याच्या ऱ्हास पावणाऱ्या अणूंपैकी सु. ११ टक्के अणूंचे आर्गॉन (४०) या वायूत व बाकीच्यांचे कॅल्शियमात रूपांतर होते. लाव्हा वितळलेला असताना त्यातील आर्गॉन बहुतांशी निसटून जातो. खडक घट्ट झाल्यावर तो स्फटिकांत साठू लागतो. म्हणून त्याचे पोटॅशियमाशी असलेले प्रमाण हे खडक घट्ट झाल्यापासूनच्या काळाचे माप ठरते. कार्बन (१४) चे अर्धायुष्य ५,७३० वर्षेच असल्याने ती पद्धत सु. ५०,००० वर्षांपर्यंतच्या सेंद्रिय अवशेषांनाच लागू पडते. तिने बेसाल्टाचे वय काढता येत नाही.

रदरफोर्ड यांनी १९०५ च्या सुमारास ही कल्पना मांडली व १९०७ मध्ये बोल्टवुड यांनी युरेनियम-शिसे प्रमाणावरून काही खनिजांची वये काढली. पुढे आर्थर होम्स यांनी या पद्धतीचा पाया भक्कम केला. क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ मध्ये अशनींतील शिशाच्या समस्थानिकांवरून पृथ्वीचे वय सु. ४५५ कोटी वर्षे असल्याचे दाखविले. त्यात आजतागायत फारसा बदल झालेला नाही.

दक्षिण ट्रॅपचे वय : बीड जिल्ह्याचा जवळजवळ सर्व भाग दक्षिण ट्रॅप या बेसाल्टी लाव्ह्यांच्या थरांनी बनलेला आहे. बालाघाटच्या पायऱ्यापायऱ्यांच्या उतारांवर व अंबेजोगाईची लेणी ज्यात कोरलेली आहेत त्या कातळात हाच खडक दिसतो. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये पुष्कळदा तांबड्या मातीचा, म्हणजे गेरूसारखा पट्टा आढळतो. विहीर खोदताना तो अनेक शेतकऱ्यांनी पाहिलेला असतो. एक थर थंड होऊन त्यावर ऊनपावसाचा परिणाम झाल्यानंतर दुसरा थर आला, हे या पट्ट्यावरून उघड होते. किरणोत्सर्गाचे कोणतेही गणित न करताही थरांचा क्रम व मधला अवकाश येथे समजतो; वयोमापन या क्रमाला वर्षांचे आकडे देते.

शेजारच्या लातूर जिल्ह्यात किल्लारी येथे ३० सप्टेंबर १९९३ रोजी झालेल्या भूकंपानंतर घेतलेल्या खोल वेधनछिद्रात सु. ३३८ मी. जाडीचा बेसाल्ट लागला. त्याखाली गाळाचा पातळ थर व त्याखाली अतिप्राचीन नाइस खडक आढळले.

पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने प्रारंभी मिळालेली ट्रॅपची वये परस्परांशी जुळत नव्हती. भूजलाच्या क्रियेने बेसाल्टातील काच व खनिजे बदलतात, पोकळ्यांत झिओलाइटे तयार होतात आणि आर्गॉन निसटतो. परिणामी वय कमी भरते. ही अडचण आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने बरीचशी दूर झाली. तीत नमुन्यावर अणुभट्टीत न्यूट्रॉनांचा मारा करून तो टप्प्याटप्प्याने तापवितात. सर्व मुख्य टप्प्यांत तेच वय मिळाले तरच ते ग्राह्य मानतात. १९८० नंतरच्या दशकात या पद्धतीने ट्रॅपचे वय सु. ६.६ कोटी वर्षे ठरले. २०१५ पासून सह्याद्रीतील थरांमधल्या तांबड्या पट्ट्यांत सापडलेल्या झिर्कॉन स्फटिकांवर युरेनियम-शिसे पद्धत वापरण्यात आली. मूलद्रव्ये, अर्धायुष्ये व खनिजे सर्वस्वी भिन्न असूनही ट्रॅपचा बहुतेक भाग सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वी, दहा लाख वर्षांहून कमी काळात साचला, असाच निष्कर्ष निघाला.

आक्षेप व परीक्षण : आयर्लंडमधील आर्चबिशप जेम्स अशर यांनी सतराव्या शतकात बायबलावरून सृष्टीचा आरंभ इ. स. पू. ४००४ मध्ये झाला असे गणित केले. अमेरिकेतील ‘तरुण पृथ्वी’वादी आजही पृथ्वीचे वय सु. सहा ते दहा हजार वर्षे मानतात. त्यांचे मुख्य आक्षेप तीन आहेत.

पहिला, खडकात मुळातच आर्गॉन असू शकतो. हे काही वेळा खरे आहे. हवाईतील १८०१ च्या लाव्ह्यात अडकलेल्या जुन्या खडकांच्या तुकड्यांची पोटॅशियम-आर्गॉन वये अतोनात मोठी आली होती. परंतु योग्य नमुना निवडल्यास व मूळचा आर्गॉन वेगळा मोजल्यास ही चूक टळते. व्हीस्यूव्हिअसच्या इ. स. ७९ मधील उद्रेकाचे वय १९९७ मध्ये आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने १,९२५ (± ९४) वर्षे आले. लिखित इतिहासानुसार ते १,९१८ वर्षे होते.

दुसरा, भिन्न पद्धतींची उत्तरे भिन्न येतात. बेसाल्टातच असलेल्या लोणार विवराचे वय तप्तदीपन पद्धतीने सु. ५२,००० वर्षे, तर आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने पाच लाखांहून अधिक आले. असा भेद संशोधकांनीच प्रसिद्ध केला आहे. मात्र त्यावरून यांपैकी एक तरी मापन सदोष आहे एवढेच ठरते. विवर सहा हजार वर्षांचे असल्याचे ठरत नाही.

तिसरा, ऱ्हासाचा वेग पूर्वी फार मोठा असावा. ट्रॅपमध्ये पोटॅशियम (४०) च्या दर हजार अणूंमागे त्यापासून बनलेले आर्गॉनचे सु. चार अणू अपेक्षित आहेत. खडक सहा हजार वर्षांचा असता, तर तेवढेच अणू एक कोटीमागे असते. म्हणजे ऱ्हासाचा वेग सरासरीने सु. अकरा हजार पट असायला हवा होता. पृथ्वीच्या एकूण वयासाठी ही पट साडेसात लाख होते. अमेरिकेतील सृष्टिनिर्मितिवादी संशोधकांच्या ‘रेट’ प्रकल्पाने (१९९७–२००५) खडकांत कोट्यवधी वर्षांइतका ऱ्हास झाला असल्याचे मान्य केले व तो अल्पकाळात घडल्याची कल्पना मांडली. त्यातून निर्माण होणारी प्रचंड उष्णता कोठे गेली, हा प्रश्न सुटत नसल्याचे त्यांनीही नमूद केले आहे.

भारतीय संदर्भ : पुराणांतील कालगणना अल्प नाही. ब्रह्मदेवाचा एक दिवस, म्हणजे एक कल्प, ४३२ कोटी वर्षांचा मानतात. परळीच्या वैजनाथाच्या पूजेतील संकल्पात चालू कल्पाचा उल्लेख असतो. हा आकडा पृथ्वीच्या वयाच्या जवळ दिसला, तरी त्यावरून पुराणांना विज्ञानाचा आधार मिळतो असे म्हणता येत नाही. कल्पाचे ४३२ कोटी हे पूर्ण आयुर्मान असून परंपरेनुसार त्यांपैकी सु. १९७ कोटी वर्षेच लोटली आहेत. शिवाय हा आकडा युगांच्या गणितातून आला आहे, खडकांच्या मापनातून नव्हे. म्हणून येथे वाद वयापेक्षा उत्क्रांतीविषयी उद्‌भवतो. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथील वैदिक संमेलनात तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विन यांचा सिद्धांत चुकीचा असून शालेय अभ्यासक्रमात बदल हवा, असे म्हटले. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी लगेच संयुक्त निवेदन काढून त्याचा प्रतिवाद केला. २०२३ मध्ये राष्ट्रीय पाठ्यपुस्तकांतून दहावीचा उत्क्रांतीवरील भाग वगळला गेला, तेव्हा अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक इत्यादींनी त्याविरुद्ध पत्र लिहिले.

खडक केव्हा घट्ट झाला, एवढेच वयोमापन सांगते. सृष्टीमागे कर्ता आहे की नाही हा प्रश्न त्याच्या कक्षेत येत नाही. त्यामुळे श्रद्धा बाळगणाऱ्यास वयोमापन नाकारण्याचे कारण नाही. मात्र श्रद्धेच्या आधारे एखादे वय सांगितले गेल्यास, ते खडकातील मोजता येणाऱ्या अणूंशी जुळते की नाही, हे पाहणे अपरिहार्य ठरते.