सोळा चौकटींचा ‘ळ’

रेषेपासून चित्रापर्यंत : भाग ७

मागच्या भागात बेझिए वक्ररेषेची हँडल्स ओढून आपण पिंपळपान काढलं. हात बसला असेल असं धरून आता कामाचं काहीतरी करू. मराठी शब्दकोशाच्या एका ॲपसाठी आयकॉन हवा आहे. मरून रंगाचं बंद पुस्तक आणि त्यावर पांढरा ‘ळ’. (‘अ’ घेतला असता, पण तो वापरून वापरून पार झिजलाय.)

इंकस्केपमध्ये ‘डॉक्युमेंट प्रॉपर्टीज’ उघडून पान ४८ बाय ४८ पिक्सेलचं करा आणि १ पिक्सेल अंतराची ग्रिड लावा. पुस्तक म्हणजे कोपरे किंचित गोल केलेला आयत आणि डावीकडे कण्याची गडद पट्टी. त्यात फार अडकण्यासारखं काही नाही. अक्षरासाठी मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ फाँट ठळक वजनात घ्या, त्याचा परवाना खुला आहे. टाइप केलेलं अक्षर ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करायला मात्र विसरू नका, नाहीतर ज्याच्या संगणकावर हा फाँट नाही त्याला भलताच ‘ळ’ दिसेल.

४८ पिक्सेलला आयकॉन देखणा दिसतो. पण फाइलींच्या यादीत किंवा ब्राउझरच्या टॅबवर त्याच्या वाट्याला १६ बाय १६ची जागा येते. तेवढ्यात तो बघितला की ‘ळ’च्या जागी पांढुरका डाग उरतो.

इथे हमखास प्रश्न येतो : व्हेक्टर चित्र कितीही लहानमोठं केलं तरी बिघडत नाही ना? मोठं करताना ते खरं आहे. लहान करताना फाइलमधलं गणित शाबूत राहतं, पण ते शेवटी पडद्यावरच्या चौकटींतच भरायचं असतं. आपली शिरोरेषा ४८ला ४ पिक्सेल जाड होती. १६ला तिची जाडी १.३३ होते, म्हणजे एक ओळ पूर्ण पांढरी आणि तिच्या शेजारी मळकट गुलाबी किनार. हीच शिरोरेषा ३ पिक्सेल ठेवली असती तर खाली बरोबर १ झाली असती. तीही ग्रिडवर नीट बसली असेल तरच.

त्यातही एक गोम आहे. इंकस्केप रेषेची जाडी तिच्या मध्यापासून दोन्ही अंगांना सारखी वाटतं. १ पिक्सेल जाडीची रेषा तुम्ही ग्रिडला स्नॅप केलीत की तिचा मध्य बरोबर दोन चौकटींच्या सीमेवर येतो. फरशीच्या सांध्यावर पट्टी ठेवल्यासारखं, ती अर्धी या फरशीवर, अर्धी त्या. पडद्याला अर्धी चौकट रंगवता येत नाही, म्हणून तो दोन्ही चौकटींना निम्मानिम्मा रंग देतो आणि रेषा दुप्पट जाड, निम्मी फिकट दिसते. जो काळजीपूर्वक स्नॅप करतो त्याचीच रेषा पुसट होते!

उपाय सोपा आहे. जाडी विषम असेल तर रेषेचा मध्य अर्ध्यावर ठेवा, म्हणजे ३ ऐवजी ३.५, सम असेल तर पूर्णांकावर. सिलेक्ट टूलच्या पट्टीत दिसणारे एक्स, वाय, रुंदी आणि उंचीचे आकडे मूळ सेटिंगमध्ये रेषेची बाहेरची कड धरूनच मोजलेले असतात. ते पूर्णांक झाले की कडा आपोआप चौकटीवर बसतात.

१९८३ साली सुझन केअर ॲपलमध्ये मॅकिंटॉशचे आयकॉन काढत होत्या तेव्हा त्यांच्यापुढे ३२ बाय ३२ चौकटी होत्या आणि प्रत्येक चौकट एकतर काळी नाहीतर पांढरी. राखाडीची पळवाटच नव्हती. चौकटीच्या कागदावर एकेक घर भरत त्या चित्र जुळवायच्या. १६ पिक्सेलसाठी माझ्या मते आजही तीच पद्धत बरी : चित्र लहान करू नये, नव्यानं काढावं.

तर पान १६ बाय १६चं करून हिशेब मांडू. ‘ळ’ला शेजारी शेजारी दोन वेटोळी. डावी भिंत २ चौकटी, पोकळी ३, मधली भिंत २, पुन्हा पोकळी ३, उजवी भिंत २. झाल्या १२. पुस्तकाचा कणा २ आणि अक्षराच्या दोन्ही बाजूंना एकेक चौकट मोकळी. एकूण १६, तसूभरही शिल्लक नाही. त्यामुळे पानांच्या कडा, सावली, मुखपृष्ठावरची चमक हे सगळं काढून टाका. पुस्तकाची ओळख म्हणून कणा पुरेसा आहे. ४८च्या चित्रात हेच अक्षर २६ पिक्सेल रुंद होतं. नुसतं लहान केलं असतं तर ९ चौकटीही मिळाल्या नसत्या आणि दोन्ही पोकळ्या बुजल्या असत्या.

फाँटमधून आलेल्या अक्षराच्या कडा ग्रिड बघून आखलेल्या नसतात. नोड टूलनं शिरोरेषेचे कोपरे निवडा आणि वरच्या पट्टीत पूर्णांक टाइप करा. वेटोळ्यांच्या गोलाईला हात लावायचा तो फक्त सगळ्यात बाहेरच्या बिंदूंपुरता. बाकीची वळणं थोडी धूसर राहिली तर उलट बरंच, त्यामुळे ती गोल दिसतात.

झूम १०० टक्क्यांवर आणून पांढऱ्या आणि काळ्या अशा दोन्ही पार्श्वभूमींवर बघा. काळ्यावर कणा दिसेनासा झाला तर त्याचा रंग एक छटा उजळ करा. पुढच्या आठवड्यात २२ पिक्सेलचा आकार घेऊ, जिथे तीनचा पाढा कामी येत नाही, आणि सगळे आकार एकाच आयसीओ फाइलमध्ये कसे भरायचे तेही.