हौशी हातांनी बांधलेली होडी परंपरेची मानावी का?



आजच्या व्याख्यानाचा विषय होडी. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्यांनी होडीवर काय बोलावं, असं काहींना वाटेल. पण हा संबंध फार जुना आहे. अथेन्सच्या लोकांनी थीसियसचं जहाज जपून ठेवलं होतं. एखादी फळी कुजली की ती काढायची आणि नवी बसवायची, असं पिढ्यान् पिढ्या चाललं. प्लुटार्क सांगतो की हे जहाज तेच की दुसरंच, यावर तिथले तत्त्वज्ञ वाद घालत. आपल्याकडे ‘मिलिंदप्रश्ना’त भिक्षू नागसेन मिलिंद राजाला रथाबद्दल असंच काही विचारतो. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? मग रथ म्हणतात तो नेमका कुठे आहे? वर्गात हे दोन्ही दाखले आम्ही वर्षानुवर्षं दिले. आज त्याच प्रश्नाची एक जिवंत बाजू बघू.

समजा, एका किनाऱ्यावर एका विशिष्ट घडणीची होडी होती. तिचं काम संपलं, ती बांधणारे सुतारही गेले. नंतर काही वर्षांनी त्या भागातले शिक्षक, परिचारिका, निवृत्त कारकून, कॉलेजातली मुलं असे लोक एकत्र आले आणि त्यांनी त्याच घडणीची होडी प्लायवूडची बांधली. तिला परंपरेची होडी म्हणायचं, की नुसती नक्कल म्हणायचं? प्रश्न काल्पनिक नाही. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर गेली पंधरा-सोळा वर्षं हेच चाललं आहे.

आधी परंपरेची होडी म्हणजे काय, ते पाहू. ऑर्कनी आणि शेटलँड या द्वीपसमूहांच्या मधोमध फेअर आइल नावाचं छोटंसं बेट आहे. तिथली होडी अरुंद, हलकी, पुढून आणि मागून दोन्हीकडे टोकदार. वल्ह्यांनी चालायची, वारा असला की शीडही चढवायचे. हा आकार कुणी कागदावर काढला नाही. होडी रोज वाळूवर ओढून घ्यायची, म्हणून ती हलकी. मागून लाट आली तर ती दुभंगून दोन बाजूंनी जावी, म्हणून मागचं टोकही निमुळतं. म्हणजे होडी ही त्या किनाऱ्याच्या प्रश्नांना मिळालेलं उत्तर असते. जे उत्तर चुकलं, ते समुद्राने खोडून टाकलं, आणि खोडताना माणसंही नेली. हे विसरून चालणार नाही.

या होड्यांची बांधणी ‘क्लिंकर’ पद्धतीची. कौलारू छपरावर एक कौल दुसऱ्या कौलावर थोडं चढलेलं असतं ना, तशी इथे एक फळी दुसरीवर चढते. जिथे चढते तिथे तांब्याचा खिळा आरपार ठोकायचा, आतल्या बाजूने त्याच्यावर तांब्याची चकती बसवायची आणि टोक बडवून पक्कं करायचं. आधी फळ्यांचं कवच उभं राहतं, आतल्या बरगड्या मागाहून येतात. सांगाडा आधी नसल्यामुळे आकार ठरतो तो बांधणाऱ्याच्या नजरेत. २०२१ साली डेन्मार्क, फिनलंड, आइसलँड, नॉर्वे आणि स्वीडन या देशांची क्लिंकर होड्यांची परंपरा युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. ‘अमूर्त’ हा शब्द लक्षात ठेवा. होडी तर चांगली मूर्त आहे, तिला हात लावता येतो. मग अमूर्त काय? तर ती बांधण्याचं ज्ञान.

या ज्ञानाबद्दल विसाव्या शतकातल्या दोन विचारवंतांनी महत्त्वाचं सांगून ठेवलं आहे. गिल्बर्ट राइल यांनी १९४९ च्या ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’ या ग्रंथात ‘अमुक आहे हे माहीत असणं’ आणि ‘अमुक करता येणं’ यांत भेद केला. पोहण्याची सगळी पुस्तकं पाठ असलेला माणूस विहिरीत बुडू शकतो, हे आपल्याला सांगायला नको. मायकेल पोलान्यी यांनी पुढे म्हटलं की आपल्याला जेवढं शब्दांत सांगता येतं, त्याहून जास्त आपल्याला कळत असतं. सायकल चालवणाऱ्याला विचारा, तोल कसा सावरतोस? त्याला सांगता येणार नाही, पण तो पडत नाही.

आता हे ज्ञान होडीत नेमकं कुठे असतं ते बघा. एक लांब लवचिक पट्टी होडीच्या अंगाने वाकवून धरतात. बांधणारा खाली बसतो, एक डोळा मिटतो आणि पट्टीच्या टोकाकडून बघतो. वळण कुठे अडखळलं असेल तर ते त्याला दिसतं. नवख्याला दाखवूनही दिसत नाही. दुसरी गोष्ट फळ्यांच्या सांध्याची. एक फळी दुसरीवर चढते तिथे खालच्या फळीची कड उतरती तासावी लागते, आणि हा उतार सगळीकडे सारखा नसतो. होडीच्या पोटात एक, टोकाकडे दुसरा, मधे प्रत्येक वितीला थोडा थोडा बदलत जाणारा. कमी तासलं तर फट राहते, जास्त तासलं तर फळीच कमजोर होते. रंधा किती दाबायचा, हे कुठल्या कोष्टकात मिळायचं?

अडचण अशी की हातातलं ज्ञान हाताबरोबर जातं. विसाव्या शतकात मासेमारीत इंजिनं आली, मग फायबरग्लास आलं. वल्ह्याशिडाच्या छोट्या होडीचं पोट भरायचं काम संपलं. ज्या कामावर पोट भरत नाही ते काम बापाने मुलाला का शिकवावं? काही जणांना धोका वेळीच कळला. अमेरिकेत हॉवर्ड चॅपेल यांनी जुन्या होड्यांची मापं घेऊन, आराखडे काढून १९५१ साली ‘अमेरिकन स्मॉल सेलिंग क्राफ्ट’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. कनेक्टिकटमधल्या मिस्टिक सीपोर्ट या संग्रहालयात जॉन गार्डनर यांनी एक पाऊल पुढे टाकलं. होडी नुसती मांडून ठेवण्यापेक्षा तिची प्रत बांधा, पाण्यात घाला, वल्हवून बघा, असा त्यांचा आग्रह होता. त्यामागचा विचार खोल आहे. संग्रहालय वस्तू टिकवतं. कृती टिकवायची तर ती करावीच लागते.

पण करणार कोण? इथे हौशी माणूस येतो. आणि त्याला हात दिला प्लायवूड आणि आधुनिक गोंदाने. याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे ‘मिरर’ ही ब्रिटनमधली लहान शिडाची होडी. ती परंपरेतली नव्हे, पण तिने वाट मोकळी केली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘डेली मिरर’ या वृत्तपत्राच्या पाठिंब्याने ती लोकांसमोर आली. घरच्या घरी सुतारकाम शिकवणारे दूरचित्रवाणीवरचे बॅरी बकनेल आणि होड्यांचे आरेखक जॅक होल्ट यांनी ती घडवली. प्लायवूडचे कापलेले तुकडे तांब्याच्या तारेने टाचायचे आणि सांध्यांवर काचतंतूची पट्टी राळेने चिकटवायची. लांबी जेमतेम ३.३ मीटर. अशा सत्तर हजारांच्या आसपास होड्या झाल्या, त्यांतल्या कितीतरी लोकांनी घरी बांधल्या. होडी बांधणं हे सामान्य माणसाच्या आवाक्यातलं काम आहे, हा विश्वास तिने दिला.

तो विश्वास आणि जुना आकार यांची गाठ २००९ साली पडली. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर अँस्ट्रदर गावी स्कॉटिश फिशरीज म्युझियम आहे. या संग्रहालयाने इयन ऑट्रेड या आरेखकाकडून एक होडी आखून घेतली. ते मूळचे ऑस्ट्रेलियाचे, पण नंतर स्कॉटलंडमध्ये स्थायिक झालेले. आकाराची प्रेरणा फेअर आइलच्या होडीची. नाव ‘सेंट आयल्स स्किफ’. लांबी २२ फूट, वल्हवणारे चौघे, प्रत्येकाच्या हातात एकच वल्हं, आणि सुकाणू धरणारा पाचवा. फळ्या प्लायवूडच्या, यंत्रावर कापून संचाच्या रूपात मिळतात. अट अशी की होडी एकट्याने नव्हे, गावाने बांधायची. एखाद्या शेडमध्ये गावकरी हिवाळाभर जमतात, संच जुळवतात, वल्ही घडवतात, आपल्या गावाचा रंग देतात आणि मग शेजारच्या गावाशी शर्यत लावतात. २०१३ साली उल्लापूल इथे या होड्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. आज दोनशेहून अधिक स्किफ पाण्यात आहेत, काही तर सातासमुद्रापलीकडे.

इथे चिकित्सक श्रोता हात वर करील. ‘अहो, फळ्या यंत्राने कापलेल्या, लाकूड प्लायवूडचं, खिळ्याऐवजी गोंद, बांधणारे हौशे-नवशे-गवशे. यात परंपरा उरली कुठे?’ प्रश्न रास्त आहे, तो नीट घेऊ.

अ‍ॅरिस्टॉटलने कोणत्याही वस्तूची चार कारणं सांगितली : ती कशाची आहे, तिचा आकार काय, ती कोणी केली आणि कशासाठी केली. स्किफला ही फूटपट्टी लावू. द्रव्य बदललं. कर्ता बदलला, सुताराच्या जागी हौशी माणूस आला. प्रयोजन बदललं, मासेमारीच्या जागी शर्यत आली. उरला तो आकार, तोही थोडा बदललेला. चारांपैकी तीन गेली, म्हणजे चिकित्सक श्रोता जिंकला असं वाटेल. थोडं थांबू या.

द्रव्याचा आक्षेप इतिहासातच फारसा टिकत नाही. शेटलँडच्या बेटांवर होडीजोगी झाडंच नव्हती. होड्या नॉर्वेहून यायच्या. पुष्कळदा त्या तिकडे बांधून, पुन्हा सुट्या करून, फळ्यांच्या रूपात जहाजातून यायच्या आणि इकडे जुळवल्या जायच्या. म्हणजे परक्या ठिकाणाहून आलेला संच जोडणं हीच तिथली जुनी रीत! ज्याला आपण परंपरेची भ्रष्ट आवृत्ती म्हणायला निघालो, ती परंपरेच्या उगमाशीच बसलेली सापडते.

कर्त्याचा आक्षेप जास्त गंभीर आहे. यंत्र फळीचा बाहेरचा आकार कापून देतं हे खरं. पण मघाशी सांगितलेला तो बदलता उतार रंध्याने हातानेच तासावा लागतो. होडीच्या टोकाशी एकमेकींवर चढलेल्या फळ्या हळूहळू एका पातळीत आणाव्या लागतात, तेही हातानेच. पहिल्या फळीला फट राहते, चौथ्या फळीपर्यंत हात सुधारतो, आणि सातवीला तोच माणूस शेजारच्या नवख्याला सांगतो, ‘असं नाही, खाली बस, पट्टीच्या टोकाकडून बघ.’ आमच्या मते परंपरा या वाक्यात आहे. बांधून बांधूनच माणूस बांधणारा होतो, हेही अ‍ॅरिस्टॉटलचंच म्हणणं. थीसियसच्या जहाजाच्या वादात आपण फळ्यांकडेच बघत बसलो. फळ्या बदलणारे हात एकमेकांकडून शिकत होते का, हे कुणी विचारलं नाही.

आणि हौशी या शब्दाला तरी मराठी माणसाने नाक मुरडू नये. आपली हौशी रंगभूमी डोळ्यांपुढे आणा. दिवसा कचेरी, रात्री तालीम, पदरचे पैसे घालून प्रयोग. नाटक ही कला म्हणून जिवंत ठेवण्यात या माणसांचा वाटा कोण नाकारील?

प्रयोजनाच्या आक्षेपाला मात्र पुरतं उत्तर नाही, आणि ते आहे असं भासवूही नये. मच्छीमार वादळात अडकला तर घरी चूल पेटायची नाही. हौशी माणूस ढग दिसले की शर्यत पुढे ढकलतो. गरजेपोटी होडीत जे बदल होत गेले, ते हौसेपोटी तसेच होतील असं नाही. हौशी माणूस ज्ञान सांभाळू शकतो, पण त्या ज्ञानावर जगणारं घर तो परत आणू शकत नाही. एवढं खरं की पाण्याला हौस आणि धंदा यांतला फरक कळत नाही. सांधा चुकला तर दोघांचीही होडी सारखीच गळते. म्हणून हे शिक्षण लुटुपुटीचं राहत नाही.

आता शेवटी आपल्या किनाऱ्याकडे वळू. मे २०२५ मध्ये कारवार इथे ‘कौंडिण्य’ हे शिवलेलं शिडाचं जहाज भारतीय नौदलात दाखल झालं. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून ते घडवलं आहे. जुना आराखडा नव्हताच, हाताशी होतं ते चित्र. फळ्या काथ्याच्या दोरीने शिवणारे हात मिळाले केरळच्या कारागिरांचे, बाबू शंकरन यांच्या नेतृत्वाखाली. ‘मिरर’मध्येही टाके आहेत, पण ते गोंद वाळेपर्यंतचे. इथे टाका हाच जहाजाचा जीव. विचार करा, हे हात उरलेच नसते तर? अजिंठ्याचं चित्र तसंच राहिलं असतं, संगणकही असता, पण दोरी किती ओढायची हे सांगणारं कुणी नसतं.

मोठं जहाज सरकार बांधू शकतं. खाडीतल्या छोट्या होडीसाठी सरकार येत नाही, तिथे गावच लागतं. आपल्याकडे यात आणखी एक अडसर आहे. हाताचं काम आपण जातीला बांधून टाकलं आणि डोक्याच्या कामाला वरचा पाट दिला. त्यामुळे सुताराला ज्ञानी म्हणायची सवय आपल्याला नाही, आणि शिकल्यासवरलेल्याने हौसेने वाकस हातात धरला तर लोक हसतात. कोकणातल्या खाड्यांवर लाकडी होडी बांधलेले म्हातारे कारागीर अजून भेटतात. त्यांच्याकडे वही घेऊन जाणं चांगलं. पण त्यांच्या हाताखाली चार महिने एक होडी बांधणं हे त्याहून चांगलं, आणि त्याचा रीतसर मोबदला त्यांना देणं हे त्या कामाचंच अंग आहे. शाळा, कॉलेज, गावचं मंडळ, कुणीही हे हाती घेऊ शकतं. घाई मात्र करायला हवी, कारण वही पुढच्या वर्षीही मिळेल, कारागीर मिळेलच असं नाही.

पुढच्या व्याख्यानात राइल यांच्या भेदावर घेतले गेलेले आक्षेप पाहू. आता तुमचे प्रश्न घेऊ या.