दुपारचा एक तास ‘जेन आयर’साठी

मैत्रिणींनो, मुलं शाळेत गेली, दुपारची झाकपाक झाली, की तुम्ही काय करता? आमच्या परळीत उन्हाळ्यात त्या वेळी अंगणात पाऊल टाकवत नाही. मग आम्ही चौघीजणी ओसरीवर भाजी निवडत बसतो आणि मी गोष्ट सांगते. सध्या शार्लट ब्राँटेची ‘जेन आयर’ चालू आहे.

कादंबरी १८४७ सालची. अनाथ जेन एका मोठ्या घरी शिकवणीला राहते. घरधन्याशी लग्न ठरतं आणि ऐन लग्नात कळतं, त्याची पहिली बायको जिवंत आहे. वेडी म्हणून माडीवर कोंडलेली! जेनचा जीव त्याच्यात गुंतलेला, तरी मान गहाण न टाकता ती घर सोडते.

इथवर आले, तर शेजारच्या आजी (त्यांना अक्षरओळख नाही) म्हणाल्या, “अगं, पर त्या कोंडलेलीला कुणी इचारलं का?”

माझ्या हातातली मेथी तशीच राहिली. बी.ए.पासून कितीदा वाचली, पण हे माझ्या मनात आलं नव्हतं! नेमकी त्याच बायकोची कहाणी जीन ऱ्हिस या लेखिकेनं १९६६ साली कादंबरीत मांडली.

ब्राँटे बहिणी तिघी. शार्लट, एमिली आणि ॲन. बाई म्हणून कुणी हिणवू नये, यासाठी त्यांनी करर, एलिस आणि ॲक्टन बेल ही नावं घेतली. मेरी ॲन इव्हान्स तर ‘जॉर्ज इलियट’च झाली. आज हॉवर्थ गावातलं ब्राँटेंचं घर बघायला लांबलांबून वाचक जातात. १९२८ पासून तिथे संग्रहालय आहे.

आपल्याकडे काशीबाई कानिटकर (१८६१–१९४८) लग्नानंतर वाचायला शिकल्या, तेही घरच्यांची बोलणी खात. पुढे त्यांनी ‘रंगराव’ ही कादंबरी लिहिली. एलिझाबेथ गॅस्केलनं १८५७ मध्ये मैत्रीण शार्लटचं चरित्र लिहिलं, तसं काशीबाईंनी डॉ. आनंदीबाई जोशींचं लिहिलं.

“कादंबऱ्यांनी पोट भरतं का?” हे मीही ऐकलंय. नवीन लग्न झालं तेव्हा गव्हाच्या डब्यामागे पुस्तक लपवायची. आता ते उघड्यावर, चष्म्याशेजारी असतं.

तेव्हा बायांनो, दिवसाचा एक तास स्वतःसाठी काढा. इंग्रजी जड वाटलं तर मराठी अनुवाद मागा. रोज दहा पानं पुरेत. आणि जिला वाचता येत नाही, तिला वाचून दाखवा. काय सांगावं, आपल्याला न सुचलेला प्रश्न तीच विचारील!