स्पर्धेच्या दिवशीचे अन्न

परीक्षा संपल्या की आपल्याकडची मैदाने जागी होतात. गावोगाव एका दिवसाच्या कबड्डीच्या आणि खो-खोच्या स्पर्धा भरतात. सकाळी नारळ फुटतो, नऊच्या सुमारास पहिला सामना लागतो, आणि जो संघ जिंकत जाईल त्याचा अंतिम सामना रात्री दिव्यांच्या उजेडात होतो. पुरुषांच्या कबड्डीचा सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन सत्रांचा असतो. असे तीन-चार सामने एका दिवसात, तेही वैशाखातल्या उन्हात, म्हणजे शरीराची मोठीच परीक्षा. त्यातही गंमत अशी की, जो उत्तम खेळतो त्यालाच सर्वांत जास्त खेळावे लागते. अशा दिवशी खेळाडूने काय खावे आणि केव्हा खावे, हा विषय आम्ही मुद्दाम घेतला आहे. त्याचा विचार खेळाडूपेक्षाही त्याच्या आईबापांनी आणि स्पर्धा भरविणाऱ्या मंडळांनी करावयाचा असतो, आणि ही दोन्ही मंडळी वसंत व्याख्यानांच्या श्रोत्यांत हमखास असतात.

‘खेळावयाचे आहे, तर पोटभर खा’ हा उपदेश घरोघर ऐकू येतो. तालमीतली दूध, तूप, बदामाची थंडाई आपल्या डोळ्यांपुढे असते, आणि हा खुराक आदल्या महिन्यात मानवला तर सामन्याच्या दिवशी दुप्पट मानवेल असे वाटते. वस्तुतः खुराक अंगी लागावयास आठवडे लागतात. स्पर्धेचा दिवस साठविलेले खर्च करण्याचा आहे. त्या दिवशी अन्नाचे काम एवढेच की, साठा अर्ध्यावर संपू नये आणि पोटाने खेळात अडथळा आणू नये.

हा साठा म्हणजे काय? भात, भाकरी, पोळी, गूळ, फळे यांतील पिष्ट व साखर पचून रक्तात उतरते, आणि त्यातील काही भाग शरीर स्नायूंत व यकृतात ग्लायकोजेन या रूपाने ठेवून देते. सुदृढ माणसाच्या स्नायूंत तो साधारण चारशे-पाचशे ग्रॅम आणि यकृतात सुमारे शंभर ग्रॅम मावतो. चरबीचा साठा याहून कितीतरी मोठा असतो, पण तिच्यापासून मिळणारी शक्ती सावकाश येते. चढाई करून मध्यरेषेकडे झेपावणाऱ्या गड्याला ती वेळेवर पुरत नाही. तेथे ग्लायकोजेनच उपयोगी पडते. 1967 साली स्टॉकहोमच्या संशोधकांनी काही जणांना वेगवेगळा आहार देऊन सायकलीचे यंत्र जोराने चालवावयास लावले. नेहमीच्या मिश्र आहारावर ते सरासरी सुमारे 114 मिनिटे टिकले. पिष्ट जवळजवळ काढून टाकलेल्या आहारावर 57 मिनिटांत थकले. आणि पिष्टप्रधान आहारानंतर 167 मिनिटांपर्यंत गेले. माणसे तीच, यंत्र तेच, फरक ताटातला! त्याही आधी, 1924 साली, बोस्टनच्या मॅरेथॉन शर्यतीनंतर डॉक्टरांनी धावकांचे रक्त तपासले, तेव्हा गलितगात्र होऊन आलेल्यांच्या रक्तात साखर फार उतरलेली आढळली. पुढच्या वर्षी धावकांना वाटेत साखरेच्या गोळ्या दिल्या आणि त्यांची स्थिती बरीच सुधारली.

रिकामा झालेला साठा पूर्ण भरावयास जवळजवळ एक दिवस लागतो. म्हणून स्पर्धेचे पहिले जेवण आदल्या रात्रीचे. भात-वरण, भाजी, पोळी किंवा भाकरी, हवे तर थोडा गोड शिरा, एवढे साधे पुरे. तिखटजाळ रस्सा आणि तळलेले नको. पुष्कळ संघ मात्र आदली रात्र एस. टी.त काढतात आणि वाटेत भजी-पाव खाऊन उतरतात. त्यांच्याबरोबर घरचा डबा असला तर सकाळची निम्मी तयारी झाली म्हणावयाची.

सकाळचे खाणे पहिल्या सामन्याच्या तीन तास आधी व्हावे. नऊचा सामना असेल तर सहाला उठून खाणे जड जाते, हे खरे. मग दोन तास आधी थोडे कमी खावे. साठ किलो वजनाच्या खेळाडूला या वेळी सुमारे नव्वद ते एकशेवीस ग्रॅम पिष्ट व साखर मिळाली तर उत्तम. म्हणजे किती? साठ ग्रॅम कोरड्या पोह्यांत सुमारे पंचेचाळीस ग्रॅम, दोन मध्यम केळ्यांत तेवढेच, आणि चहातल्या दोन चमचे साखरेचे दहा. पोह्यांत तेल बेताचे आणि शेंगदाणे मोजके असावेत. कारण स्निग्ध पदार्थ जठरात रेंगाळतात. खेळ सुरू झाला की रक्त स्नायूंकडे व कातडीकडे धावते, पोटाचे काम मंदावते आणि जठरात उरलेले अन्न डचमळू लागते. ज्यांना धास्तीमुळे सकाळी घासच उतरत नाही, त्यांच्यासाठी कोकणातली मीठ घातलेली तांदळाची पेज किंवा देशावरची आंबील यांसारखे दुसरे सोयीचे अन्न आम्हांस दिसत नाही. चहाची सवय असेल तर तो जरूर घ्यावा. सवय नसलेली कोणतीही गोष्ट मात्र त्या दिवशी प्रथम करू नये, मग ती मित्राने आणलेली परदेशी पूड का असेना.

खरा घोळ होतो तो दोन सामन्यांच्या मधल्या वेळात. पहिला सामना साडेनऊला संपला आणि दुसरा साडेबाराला आहे, असे समजा. जिंकल्याच्या आनंदात पहिला तास गप्पांत जातो, अकराला भूक लागते, आणि मैदानाबाहेरच्या गाडीवर वडापाव दिसतो. वडापावाशी आमचे वैर नाही. पण तळलेला वडा साडेबारापर्यंत पोटातून हलेल याची खात्री कोण देणार? उलट सामना संपल्यावर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासातच खाणे सुरू करावे. त्या वेळी स्नायू साखर झपाट्याने ओढून घेतात. वजनाच्या दर किलोमागे ताशी एक ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या गड्याला पहिल्या तासात साठ ग्रॅम, हे मान चांगले. दोन केळी आणि दोन चमचे साखर घातलेले पेलाभर लिंबाचे सरबत एवढ्यात ते जवळपास भरते. केळी नकोशी झाली तर खजूर, राजगिऱ्याचा लाडू, मऊ दहीभात किंवा गुळाचा खडा आणि पोळी. मध्ये फक्त तासभर असेल तर एक केळे आणि सरबत, एवढ्यावर थांबावे. शेंगदाण्याची चिक्की, फुटाणे, उसळ हे पदार्थ उत्तम खरे, पण सावकाश पचणारे. त्यांची पाळी रात्री येते.

उपासाचा दिवस स्पर्धेवर आला तर काय, असा प्रश्न पुष्कळदा येतो. ज्याला उपास मोडावयाचा नाही त्याने साबुदाण्याच्या खिचडीपेक्षा उकडलेले रताळे, केळी, राजगिरा यांवर भर द्यावा. साबुदाणा स्वतः पिष्टच आहे; त्यातले तूप आणि दाण्याचे कूट जड पडते.

आता दुपारच्या जेवणाविषयी. येथे आम्हांस संयोजकांशी थोडे भांडावयाचे आहे. बाहेरगावचे संघ आले की गावाच्या अब्रूचा प्रश्न होतो. पुरी-भाजी, मसालेभात, जिलबी किंवा श्रीखंड असा बेत ठरतो, देणगीदाराचे नाव फळ्यावर लागते, वाढपी आग्रह करतात. नाही म्हणणे उद्धटपणाचे वाटून मुले चार पुऱ्या जास्त खातात आणि तीन वाजता उपांत्य सामन्यात त्यांचे पाय उचलत नाहीत. पाहुणचार थोर, पण त्याची वेळ चुकते. ज्या संघाला पुढे खेळावयाचे आहे त्याला दुपारी मऊ भात, पातळ वरण, थोडी भाजी, दही आणि केळे द्यावे, तेही सामन्याच्या निदान अडीच-तीन तास आधी. यासाठी सामन्यांचे वेळापत्रक आणि स्वयंपाकाचे वेळापत्रक एकाच माणसाच्या हाती असले पाहिजे. मंडळांच्या बैठकीत ही गोष्ट क्वचितच निघते. खर्चही कमी होतो, हे खजिनदारांच्या कानावर घालतो.

उन्हाळ्यात आणखी एक धोका. सकाळी दहाला शिजविलेला भात मोठ्या पातेल्यात झाकून दोनला वाढतात. कोमट भातात वाढणारे काही जंतू असे विष तयार करतात की, भात पुन्हा गरम केला तरी ते नाहीसे होत नाही. पारा बत्तीस अंशांपुढे गेला असेल तर शिजलेले अन्न तासाभरात वाढावे, नाहीतर वाफाळते गरम ठेवावे. गाडीवरचा बर्फाचा गोळा अंतिम सामना होईपर्यंत वर्ज्य समजावा.

पाण्याचे गणित सोपे आहे. सामन्यापूर्वी आणि नंतर वजन करावे. जितके किलो घटले साधारण तितके लिटर पाणी गेले. वजन शेकडा दोनपेक्षा जास्त घटले की दम उतरू लागतो. घामाबरोबर मीठही जाते, म्हणून लांबलेल्या दिवशी नुसते पाणी ढोसण्यापेक्षा लिटरभर स्वच्छ पाण्यात सपाट सहा लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ घालून ते घोटघोट प्यावे. मीठ लावलेले ताकही चालते, पण सामन्याच्या तोंडावर नव्हे.

वजनगटाच्या स्पर्धांत मात्र अन्न आणि काटा एकमेकांविरुद्ध उभे राहतात. 2024 साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाटने पन्नास किलो गटात 6 ऑगस्टला एकाच दिवशी तीन कुस्त्या जिंकल्या. एवढी झुंज दिलेल्या शरीराला पाणी व अन्न देणे भागच होते. रात्रभर वजन उतरविण्याची शर्थ करूनही दुसऱ्या दिवशी सकाळी काटा शंभर ग्रॅम पुढे गेला आणि ती अंतिम कुस्तीला मुकली. जागतिक दर्जाचे वैद्य व प्रशिक्षक सोबत असताना ही स्थिती, तर शाळकरी मुलाला वजनगटात बसविण्यासाठी आदला दिवस उपाशी ठेवणे, पाणी तोडणे किंवा उन्हात स्वेटर घालून पळविणे यास काय म्हणावे? तो वजनात बसतो खरा, पण रिकामा साठा घेऊन मैदानात उतरतो, आणि उन्हाने कोसळण्याची भीती त्यालाच सर्वांत जास्त. वाढीच्या वयातल्या मुलाला वरच्या गटात खेळवावे, हरला तरी चालेल.

रात्री शेवटची शिट्टी झाल्यावर वरण, उसळ, दूध, अंडी यांची वेळ येते. शिणलेल्या स्नायूंच्या दुरुस्तीला वीस-पंचवीस ग्रॅम प्रथिने लागतात. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम असतात, बाकीची उसळ आणि दूध यांतून येतात. श्रीखंड-पुरीचा बेत करावयाचाच असेल तर बक्षीस समारंभानंतर करावा. आणि जे संघ दुपारीच हरून परतीची गाडी धरतात, त्यांच्या हाती पोळी-भाजीची पुडी व चार केळी देण्याचे काम एका कार्यकर्त्याकडे आधीच सोपवून ठेवावे.