मानमोडीचा शिलालेख आणि पुष्करतीर्थ

जुन्नर म्हटलें कीं शिवनेरी व शिवजन्म यांचें स्मरण प्रथम होतें, आणि तें उचितच आहे. परंतु शिवकालापूर्वीं सुमारें दीड सहस्र वर्षें या प्रांतावर एका शक घराण्याचा अंमल होता, आणि त्याच घराण्यांतील पुरुष राजस्थानच्या मरुभूमीच्या कांठापर्यंत जाऊन आला होता, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानांत नसते. तिचा पुरावा दोन शिलालेखांत मिळतो.

पहिला लेख जुन्नरच्या दक्षिणेस मानमोडी डोंगरावरील लेण्यांत आहे. महाक्षत्रप स्वामी नहपान राजाचा अमात्य, वत्सगोत्री अयम, यानें पुण्यार्थ एक पोढी, म्हणजे पाण्याचें टाकें, व एक मंडप करविला, असें त्यांत म्हटलें असून वर्ष ४६ दिलें आहे. नहपानाच्या कारकीर्दींतील उपलब्ध लेखांत ही शेवटची मिति होय. हें वर्ष शकसंवताचें मानल्यास इ. स. १२४ येतें, तें राज्यवर्ष मानणारे अभ्यासक हा काल पहिल्या शतकांत नेतात.

दुसरा लेख नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्यांत आहे. तो नहपानाचा जांवई, दीनीकाचा पुत्र उषवदात याचा. धन्याच्या आज्ञेनें, पावसाळ्याच्या दिवसांत, मालयांनीं कोंडलेल्या उत्तमभद्रांच्या सुटकेस तो गेला. त्याची चाहूल लागतांच मालय पळाले. नंतर त्यानें पुष्करतीर्थीं स्नान करून तीन सहस्र गाई व एक गांव दान दिला. मालय म्हणजे मालव. त्यांचीं नाणीं राजस्थानांत टोंककडील नगर येथें विपुल सांपडलीं आहेत. पुष्कर अजमेराजवळ असून त्याच्या पश्चिमेस थरचें वाळवंट पसरत जातें.

मरुभूमीच्या कांठीं लढणारी ही सत्ता जुन्नरास कां असावी? याचें उत्तर व्यापारी मार्गांत आहे. उषवदातानें भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शूर्पारक, म्हणजे भडोच, मंदसोर, नाशिकचा परिसर व सोपारें, येथें धर्मशाळा बांधल्या. तापी, दमण, डहाणू अशा नद्यांवर उतारूंसाठीं फुकट नावा ठेवल्या. नाणेघाट उतरून कोंकणच्या बंदरांस जाणाऱ्या वाटेवर जुन्नर उभें आहे. ज्याच्या हातीं जुन्नर, त्याच्या हातीं या वाटेची किल्ली.

या वाटेनें आलेलीं माणसें येथील लेण्यांतून आजही भेटतात. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीनें एक लेणें व टाकें दिलें. कांसारांच्या व बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणींचेही उल्लेख आहेत. इरिल नांवाच्या यवनानें दोन टाकीं दिलीं, चिट नांवाच्या यवनानें भोजनमंडप दिला. श्रेणी देशी, अमात्य शकांचा, दाते यवन. पण पाण्याचें दान पुण्यकारक, ही समजूत सर्वांची एकच. उषवदात पुष्करीं स्नान करतो व अयम मानमोडीवर टाकें खोदवितो, या दोन्ही कृतींत तोच भाव दिसतो. शक हे केवळ लुटारू परके होते, हें मत या लेखांपुढें टिकत नाहीं. राज्य जिंकल्यावर ते येथील धर्माचारांत मिसळत चालले होते.

गौतमीपुत्र सातकर्णीनें नहपानाची सत्ता मोडली. नाशिक जिल्ह्यांत जोगलटेंभी येथें १९०६ सालीं तेरा सहस्रांहून अधिक नाणीं सांपडलीं. तीं नहपानाचीं असून, त्यांपैकीं सुमारें दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्रानें आपला छाप पुन्हा मारला आहे. राजाचें नाणें असें पालटतां येतें. डोंगरांत खोदलेलें टाकें मात्र दात्याच्या नांवासह राहिलें.

तथापि दगडही अमर नव्हे. नाणेघाटांतील सातवाहन राजकुलाच्या प्रतिमा नष्ट झाल्या. वरचीं नांवें व पायांचे अवशेष तेवढे उरले आहेत. अयमाचा लेख जर असाच झिजून अथवा खरवडून गेला, तर जुन्नरास पुष्कराशीं जोडणारा एक दुवा मूळ जागेवरून नाहींसा होईल. म्हणून जुन्नर-आंबेगांवकडील डोंगर चढणाऱ्या प्रत्येकानें लेण्यांतील भिंतींवर आपलें नांव कोरण्याआधीं तेथें पूर्वींच कोरलेलीं नांवें वाचावीं, इतकीच विनंति आहे.