वितळूनही न वाहणारा क्षार

नवी मुंबईत वाशी येथे भाभा अणुसंशोधन केंद्राचा बेरिलियम प्रकल्प आहे. बेरिलियम हा अतिशय हलका आणि तरीही ताठ धातू. तो मिळवण्याच्या रूढ पद्धतीत आधी बेरिलियम फ्लोराइड हा क्षार तयार करतात आणि मॅग्नेशियमच्या साहाय्याने त्यातून धातू वेगळा करतात. हा क्षार सुमारे ५५५ अंश सेल्सिअसला वितळतो, पण पाण्यासारखा वाहत नाही. घट्ट डांबरासारखा जेमतेम सरकतो. त्यात दुप्पट रेणू लिथियम फ्लोराइडचे मिसळले, की मिश्रण ४५९ अंशांनाच वितळते आणि सहज वाहू लागते. ६०० अंशांवर या दोन द्रवांच्या दाटपणात लाखो पटींचा फरक असतो.

याचे कारण आतल्या रचनेत आहे. बेरिलियमच्या प्रत्येक कणाभोवती फ्लोरिनचे चार कण असतात आणि फ्लोरिनचा प्रत्येक कण दोन बेरिलियममध्ये वाटलेला असतो. मानवी साखळीत हात धरून उभ्या असलेल्या माणसाला एकट्याने पुढे जाता येत नाही, तसेच या कणांचे होते. लिथियम फ्लोराइडमुळे जादा फ्लोरिन मिळतो, साखळ्या तुटतात आणि कण सुटे होतात.

कणांना किती निरनिराळ्या प्रकारे मांडून घेता येते, याचे माप म्हणजे एन्ट्रॉपी. रचना जितकी शिस्तीची, तितकी ती कमी. याकोव्ह रोझेनफेल्ड यांनी १९७७ मध्ये दाखवले, की साध्या द्रवांत या मापावरून कणांच्या हालचालीचा वेग सांगता येतो. एन्ट्रॉपी थोडी घटली तरी वेग झपाट्याने घटतो.

जाळीदार रचनेच्या द्रवांतही असे नाते आढळते का, याचा शोध दिल्लीच्या आयआयटीतील चारुसीता चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावर घेतला. बेरिलियम फ्लोराइड विषारी असल्याने त्यावरील प्रयोग जिकिरीचे ठरतात. संगणकात तो धोका नसतो. या अभ्यासांत एक उलटी गोष्ट ठळक झाली. द्रव दाबला, की कण अडखळायला हवेत. पण ठरावीक मर्यादेत दाबल्यावर चतुष्फलकी जाळी विस्कटते, एन्ट्रॉपी वाढते आणि कण अधिक वेगाने फिरतात. थंड पाणीही असेच वागते. चक्रवर्ती यांना २००९ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले.

या नात्याचा व्यवहाराशी थेट संबंध आहे. अमेरिकेत ओक रिज येथे १९६५ ते १९६९ या काळात चाललेल्या प्रायोगिक अणुभट्टीत इंधन वितळलेल्या क्षारातच विरघळवलेले होते आणि त्या क्षारात लिथियम व बेरिलियमची फ्लोराइडे होती. वाशीच्या खाडीपलीकडे ट्रॉम्बे येथेही थोरियमवर चालणाऱ्या अशा अणुभट्टीच्या आराखड्यावर काम झाले आहे. तिच्यातला क्षार सतत फिरता ठेवावा लागतो. तो किती सहज फिरेल, हे आतले कण एकमेकांना किती घट्ट धरून आहेत यावर ठरते.