सीट टोचते? सहन करू नका

आज सायकलच्या सीटबद्दल बोलू. विषय थोडा संकोचाचा आहे, म्हणूनच लोक बोलत नाहीत आणि त्रास काढत राहतात. मीही तेच केलं.

निवृत्तीनंतर महूला राहायला आलो आणि ६२व्या वर्षी पहिली २०० किलोमीटरची ब्रेव्हे केली. वेळेची मर्यादा साडेतेरा तास. अर्ध्या वाटेवर मांड्यांमधला भाग बधिर झाला. फौजेची सवय, दुखलं तरी थांबायचं नाही! राइड वेळेत संपली, पण बधिरपणा तीन दिवस गेला नाही. डॉक्टर म्हणाले, "कर्नलसाहेब, दुखणं वेगळं, बधिरपणा वेगळा. तिथली नस दाबली जातेय. हा इशारा आहे."

चूक कुठे होती? सीटवर मी जाड जेलचं कव्हर घातलं होतं. आपला भार बैठकीच्या दोन हाडांवर यायला हवा. सीट फार मऊ असली की हाडं आत रुततात आणि मधला भाग वर येऊन नाजूक जागी दाबतो. म्हणून लांबच्या राइडला सीट बेताची कडक आणि त्या दोन हाडांना आधार देईल एवढी रुंद हवी.

आता उंची. कुणाला तरी सायकल धरायला सांगा. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा. पेडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ व्हावा, पण कंबर कलू नये. मग पावलाचा पुढचा भाग पेडलवर ठेवला की गुडघ्यात हवा तेवढा बाक येतो. सीट उंच असेल तर प्रत्येक पेडलला कंबर डावी-उजवीकडे हलते आणि कातडी सोलते.

सीट सुरुवातीला सपाट ठेवा. टोक वर असेल तर दाब वाढतो. फार खाली असेल तर आपण पुढे घसरतो आणि सगळा भार हातांवर येतो. हँडल फार लांब असलं तरीही तसंच होतं.

पॅडची शॉर्ट घालाल तर आत दुसरं काही घालू नका, शिवण घासते. दर दहा-पंधरा मिनिटांनी पेडलवर थोडं उभं राहा.

फौजेत रायफल ज्याची त्याने झीरो करायची असते. दुसऱ्याची झीरो केलेली रायफल आपल्या हातात नेम चुकवते. सायकलचंही तसंच आहे. मित्राचं माप उचलू नका. एका वेळी एकच बदल करा, तोही चार-पाच मिलिमीटरचा. जुन्या जागी टेपची खूण ठेवा आणि दोन-तीन राइड करून बघा.

असं करत मला दीड महिना लागला. नंतर जाम घाट उतरून महेश्वरला जाऊन आलो. थकलो, पण बधिर झालो नाही.

तुम्हाला बधिरपणा आला तर तिथेच उतरा. राइडनंतरही तो राहिला, तर लाजू नका, डॉक्टरांना दाखवा. सहनशक्ती चढासाठी राखून ठेवा, सीटवर खर्च करू नका.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.